अग्नीचा हंगाम

होळी उलटून मोहाची फुले गळू लागली, की सातपुड्याच्या रांगांवर रात्रीच्या वेळी तांबड्या वक्ररेषा हळूहळू सरकताना दिसतात. परक्या प्रवाशाला त्यात सर्वनाश दिसतो. रानात जन्म काढलेला मनुष्य मात्र वारा कोणीकडचा आहे, गवत किती वाळले आहे आणि ती रेषा ओढ्यापाशी थांबेल की ओढा ओलांडील, हे आधी पाहतो. अग्नी सर्वत्र सारखाच व सर्वकाळ वाईटच, असे मानणारी एक दृष्टी आणि अग्नीला ऋतू, ठिकाण व प्रमाण असते, असे मानणारी दुसरी दृष्टी, या दोहोंमधील झगडा आपल्या वनखात्याच्या जन्मापासून चालू आहे. त्या झगड्यात पहिल्या दृष्टीचा कायद्याच्या बळावर पुष्कळ काळ अंमल राहिला. तथापि प्रत्यक्ष झाडांची साक्ष काढली, तर ती बहुतांशी दुसऱ्या दृष्टीच्या बाजूची आहे, असे मला वाटते.

१८६४ साली हिंदुस्थान सरकारने वनखाते स्थापन करून त्याची सूत्रे डीट्रिख ब्रँडिस या जर्मन शास्त्रज्ञाच्या हाती दिली, तेव्हा सरकारला मोठी निकड होती ती इमारती लाकडाची आणि लोहमार्गाच्या रुळांखाली घालावयाच्या स्लीपरांची. ज्या युरोपीय वनविद्येच्या संस्कारात हे खाते वाढले, तिच्या लेखी आग म्हणजे मालमत्तेची हानी. तिचा अन्य काही अर्थ असू शकतो, हा विचारच त्या विद्येला अपरिचित होता. मध्य प्रांताचे पहिले वनसंरक्षक पिअर्सन यांनी त्याच दशकात होशंगाबाद जिल्ह्यातील बोरीच्या सागवनात आगीचा बंदोबस्त करून दाखवला. दरवर्षी पेटणारे हिंदुस्थानातील जंगल आगीपासून राखणे मनुष्याच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे, असे पुष्कळ जाणत्या अधिकाऱ्यांचे मत असताना, हद्दीवरचे रुंद पट्टे आधीच जाळून मोकळे करावयाचे, पहारेकरी नेमावयाचे आणि आसपासच्या गावांना चराई-लाकूडफाट्याच्या सवलतींच्या बदल्यात जबाबदार धरावयाचे, या उपायांनी ते साधले. १८६५ साली बोरीचे जंगल राखीव झाले, तेथील प्रयोग इतर प्रांतांसाठी नमुना ठरला, आणि पुढील चाळीस-पन्नास वर्षे आगीपासून राखलेल्या जंगलाचे चौरस मैल हेच वनखात्याच्या वार्षिक अहवालातील अभिमानाचे कोष्टक होऊन बसले.

या बंदोबस्ताची झळ कोणाला लागली, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे न्यायाचे होणार नाही. मंडला जिल्ह्यातील बैगा लोक झाडोरा तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत बी फेकीत. धरणीमातेच्या उरावर नांगर चालवणे त्यांना पाप वाटे. त्यांची ही बेवर शेती सरकारने बंद करत आणली आणि १८९० साली त्यांच्यासाठी ‘बैगा चक’ नावाचा मर्यादित टापू राखून ठेवला. आपल्याकडे कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची रीत आहे. फांद्या, पाचोळा, शेण यांचे थर देऊन वाफा भाजला, की तणाचे बी मरते आणि रोप जोमाने उठते. या राबासाठी लागणाऱ्या टहाळ्यांवरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत रयत आणि जंगलखाते यांच्यात इतका तंटा माजला, की मुंबई सरकारला १८८५ साली त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्यावर जे कोरडे ओढले आहेत, ते याच काळातले. राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरला, आणि १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या सव्विसाव्या कलमाने तो आजतागायत गुन्हाच आहे.

आता झाडांकडे वळू. आपल्या पानगळीच्या जंगलात जो वणवा लागतो, तो प्रायः जमिनीलगतच्या पाचोळ्याचा आणि गवताचा असतो. शेंड्याशेंड्यांवरून उड्या मारीत जाणारी आग हिमालयातील चीड पाइनच्या वनांत किंवा अमेरिका-ऑस्ट्रेलियातील काही वनांत दिसते, तशी येथे सहसा दिसत नाही. पाचोळ्याची ज्वाला एका जागी फार वेळ ठरत नाही. माती उष्णतेची मोठी मंद वाहक असल्यामुळे पृष्ठभागी सर्व काही जळत असताना दोन-तीन बोटे खाली मुळे, कंद आणि बिया बव्हंशी सुरक्षित असतात. खोडाच्या बाबतीत प्रश्न असतो तो सालीच्या आत असलेल्या त्या नाजूक जिवंत थराचा, ज्याच्यापासून झाडाची जाडी वाढते. त्याचे तापमान साठ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले, की तो मरतो. तेथवर उष्णता पोहोचण्यास लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे साल दुप्पट जाड झाली, की झाडाला चौपट अवधी मिळतो. ऐनाच्या खोडावर मगरीच्या पाठीसारखे जे जाड चौकोनी खवले दिसतात, त्यांचा उपयोग येथे कळतो. कुंभ्याची साल तर इतकी सावकाश धुमसते, की पूर्वी तोड्याच्या बंदुकांसाठी लागणारा तोडा तिच्या तंतूंपासून करीत असत. याच कुंभ्याची एक ठेंगणी बहीण, करेया हर्बेशिया, हिमालयाच्या पायथ्याच्या गवताळ रानात वाढते. तिने आपले खोडच जमिनीखाली नेऊन ठेवले आहे आणि वरचे गवत जळून गेल्यावर राखेतून ती एकदम फुले वर काढते. कुसळी गवताची युक्ती याहूनही सूक्ष्म आहे: त्याच्या बीजाला असलेले लांब पिळदार कुसळ दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पुन्हा पिळते आणि या फिरण्याने टोकदार बी मातीत रुतत जाते; वणवा वरून निघून जातो, तेव्हा पुढच्या पिढीची बेगमी आधीच जमिनीत झालेली असते.

ज्या वनस्पतींपाशी असे काही साधन नाही, त्या वारंवार जळणाऱ्या रानातून हळूहळू नाहीशा होतात, आणि ज्यांच्यापाशी ते आहे त्यांचे तेथे राज्य होते. म्हणून एखाद्या डोंगरावर पळस, कुंभा, ऐन, तेंदू हीच झाडे आणि त्यांच्या पायथ्याशी कुसळी गवत दिसले, तर त्या डोंगराचा अग्नीशी जुना परिचय आहे, असे खुशाल समजावे.

या विषयातील सर्वांत बोधप्रद कथा शालवृक्षाची आहे. मध्य भारताच्या पूर्व भागात आणि हिमालयाच्या पायथ्याशी आसामपर्यंत शालवने पसरली आहेत. शालाचे फळ पाच पंखांचे. ते पिकते ज्येष्ठात, नेमके पावसाच्या तोंडावर, आणि त्यातील बीजाचे आयुष्य अवघे आठवड्याभराचे. ते वाट पाहू शकत नाही. जेथे पडेल तेथे ताबडतोब रुजून त्याच्या कोवळ्या मुळाने माती गाठली पाहिजे. शालाची पाने मोठी व चिवट असतात. वर्षानुवर्षे आग न लागलेल्या वनात त्या पानांचा इतका जाड थर साचतो, की बीज त्या थरावरच अंकुरते आणि मूळ मातीपर्यंत पोहोचण्यापूर्वी, पावसाची पहिली उघडीप होताच, वाळून जाते. त्याच वनात फाल्गुनात पाचोळा जळून गेलेला असेल, तर ज्येष्ठात बीज थेट मातीवर पडते आणि जमिनीवर रोपांचा गालिचा उठतो.

मात्र येथेच कथेला दुसरे वळण आहे. जी आग रुजण्यास साह्य करते, तीच पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपाचा वरचा भाग जाळून टाकते. शालाचे रोप अशा वेळी मरत नाही. ते कित्येक वर्षे दर पावसाळ्यात वर येते, दर उन्हाळ्यात वरून वाळते किंवा जळते, आणि त्या सर्व काळात जमिनीखाली त्याचे मूळ लांब व जाड होत जाते. पुरेसा संचय झाला आणि दोन-चार वर्षांची उसंत मिळाली, की ते एका झेपेत आगीच्या पोहोचीच्या वर निघून जाते. म्हणजे शालाला अग्नी हवा असतो, आणि विशिष्ट काळी त्याच्यापासून सुटकाही हवी असते. दरवर्षी जळणारे आणि कधीच न जळणारे, अशा दोन्ही वनांत शालाची नवी पिढी उभी राहू शकत नाही. नियम लिहिणाऱ्यांना ही गोष्ट गैरसोयीची वाटते खरी, कारण हुकूम ‘करा’ किंवा ‘करू नका’ असा असतो, आणि शालवृक्ष ‘केव्हा’ व ‘किती वर्षांनी’ असे विचारतो.

हे ज्ञान खात्याला सुखासुखी झाले नाही. १८९६ साली ‘इंडियन फॉरेस्टर’ या नियतकालिकात स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातील अनुभवावरून असे प्रतिपादन केले, की तेथे आगीपासून संरक्षण अतोनात झाले आहे. दमट सागवनात आग थांबल्यापासून बांबू आणि सदाहरित झुडुपे इतकी माजली आहेत, की सागाची रोपे त्यांच्या सावलीत गुदमरून मरत आहेत. ज्या कार्यावर खात्याची कीर्ती उभी होती, त्याच्याविरुद्ध खात्यातीलच मनुष्याने लिहावे, याला धैर्य लागते, आणि त्या धैर्याचा आदर केला पाहिजे. वाद पुष्कळ वर्षे चालला. मध्यंतरी बंगालच्या दुआर प्रदेशातील आणि आसामातील शालवनांतूनही तीच तक्रार येऊ लागली: मोठी झाडे भव्य, परंतु त्यांच्याखाली शालाचे रोप औषधालाही नाही, जिकडेतिकडे वेलींचे आणि सदाहरित झुडुपांचे ओलसर जाळे. जेव्हा अखेर आग पुन्हा लावून पाहण्याचे ठरले, तेव्हा असे दिसून आले, की ती लागतच नाही. दोन पिढ्या आगीपासून राखलेल्या त्या जंगलात वाळके गवत उरले नव्हते. हवा थंड, जमीन ओली, पाने रसरशीत. ज्या पाहुण्याला इतकी वर्षे दारातून परत पाठवले, तो आता बोलावूनही येईना. एका वनस्पतिसमूहाची जागा दुसऱ्याने घेतली होती आणि परतीची वाट बंद होत चालली होती.

तेव्हापासून नियंत्रित अथवा नियोजित जाळणीची पद्धत भारतीय वनविद्येत रुजली. तिचे मर्म हंगामात आहे. पौष-माघात रात्री दव पडते, गवताचे बुंधे अजून हिरवे असतात, वारा मंद असतो. त्या वेळी लावलेली आग गुडघाभर ज्वालेने ठिगळाठिगळांनी जळते, ओलाव्याच्या जागा सोडून देते आणि संध्याकाळी दव पडू लागताच विझते. तेच रान वैशाखात पेटले, तर महिनोन्‌महिने साचलेला पाचोळा आणि वाळके गवत एकदम जळतात, ज्वाला फांद्यांपर्यंत चढते, म्हातारी पोकळ झाडे आतून पेटून आठ-आठ दिवस धुमसतात, आणि पक्ष्यांची घरटी व हरणांची पाडसे नेमकी त्याच सुमारास धोक्यात सापडतात. माघातली आग वैशाखातल्या आगीचे जळण आधीच खाऊन टाकते, हा नियोजित जाळणीचा सरळ हिशेब आहे. अमेरिकेच्या वनखात्याने आपल्या दक्षिणेकडील पाइनवनांत अशा जाळणीला अनुमती दिली ती १९४३ च्या सुमारास. दुआर आणि ब्रह्मदेशातील वनाधिकारी त्या निष्कर्षाला कित्येक वर्षे आधी पोहोचले होते. अर्थात बैगा आणि कोरकू हे आदिवासी त्यांच्याही आधी.

आगीवरील बंदीचा झगडा हिमालयातील कुमाऊँतही झाला. ते प्रकरण राजकीय आहे, परंतु वनस्पतींच्या दृष्टीनेही त्यात पाहण्यासारखे बरेच आहे. १९११ ते १९१७ या काळात सरकारने तेथील गावरानांचा फार मोठा भाग राखीव केला आणि लिसा म्हणजे चीडाची राळ काढण्याचा व्यवसाय वाढवला. चीडाची वाळकी सुईसारखी पाने, ज्यांना पहाडी लोक पिरूल म्हणतात, उतारावर निसरडा थर करतात व गवत दडपून टाकतात. म्हणून गुरांच्या चाऱ्यासाठी तो थर जाळणे ही गावांची जुनी वहिवाट होती. ती बंद झाली, बेगारीविरुद्धचा असंतोष त्यात मिसळला, आणि १९२१ च्या उन्हाळ्यात कुमाऊँची चीडवने जागोजाग पेटली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी लक्षात आणून दिलेली गोष्ट अशी, की या आगी सरकारला पैसा देणाऱ्या चीडवनांत लागल्या. बांज वगैरे रुंदपर्णी वृक्षांची वने, जी तितकीच सरकारी होती, लोकांनी जाळल्याचा पुरावा नाही. बांजाखाली पाणी टिकते, त्याचा पाला गुरे खातात, आणि आगीने बांजाची रोपे मरून त्याची जागा चीड घेतो, हे त्या शेतकऱ्यांना पक्के ठाऊक होते. रागाच्या भरातही त्यांनी वनांत भेद केला! पुढे चौकशी समिती बसली, काही जंगल सोडून देण्यात आले आणि १९३१ साली वनपंचायतींचे नियम झाले.

इतके वाचून कोणी आपल्या सह्याद्रीवर काडी ओढावयास निघेल, तर तो मोठा अनर्थ होईल. महाबळेश्वर-कोयनेच्या माथ्यावरील अंजनी, जांभूळ, पिसा यांची सदाहरित वने अग्नीच्या सहवासात घडलेली नाहीत. त्यांच्या साली पातळ, त्यांची रोपे सावलीत वाढणारी, त्यांची जमीन सदैव दमट. तेथे एक वणवा वनाची कड खातो, त्या कडेवर गवत येते, ते गवत पुढच्या वर्षी पुन्हा पेटते, आणि वन वर्षावर्षाला आत आत सरकते. घाटमाथ्याचे उघडे बोडके उतार काही अंशी याच मार्गाने निर्माण झाले आहेत. रान जाळल्याने पुढच्या वर्षी गवत चांगले येते, ही आपल्याकडची समजूतही तपासून घेतली पाहिजे. जळल्यावर कोवळा फुटवा लवकर दिसतो, हे खरे. परंतु चैत्र-वैशाखात नागवा झालेला तीव्र उतार मृगाच्या पहिल्या धोधो सरींखाली येतो, तेव्हा राखेबरोबर मातीही ओढ्याला जाते. आसामात काझीरंग्याच्या सपाट पूरभूमीवर वनखाते स्वतः दरवर्षी उंच गवत जाळते, कारण न जाळल्यास तेथे झाडोरा माजून गेंड्याची कुरणे नाहीशी होतील. तो न्याय जावळीच्या कड्यांना लावता येत नाही.

विदर्भात प्रश्नाचे रूप आणखी निराळे. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि तेंदूला कोवळी पाने भरघोस फुटावीत म्हणूनही रान जाळले जाते. तेंदूची काडी गावकऱ्याच्या हातात असली, तरी तिच्यामागची घाई पुष्कळदा विडी-व्यापाराची असते. जाळणीची जागा, वेळ आणि व्याप्ती वनाच्या गरजेने ठरत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले, तेव्हा तिने बांबूवर लक्ष केंद्रित करून, फांद्यांची तोड आणि आगी टळाव्यात म्हणून, तेंदूपान काढणेच सोडून दिले. उत्पन्नाचे एक साधन गावाने आपखुशीने बाजूस ठेवले. हक्क हाती आल्यावर लोक जंगल जाळतील, असे भाकीत करणाऱ्यांनी या निर्णयाचा अवश्य विचार करावा.

वनखात्याच्या दप्तरी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा ठरलेला आहे. तत्पूर्वी जाळरेषा साफ करून जाळावयाच्या, हंगामी वणवा-पहारेकरी नेमावयाचे, आणि अलीकडे उपग्रहाने टिपलेल्या प्रत्येक तप्त बिंदूची वर्दी भारतीय वन सर्वेक्षणाकडून आली, की वनरक्षकाने तिकडे धाव घ्यावयाची. उन्हातान्हात हिरव्या डहाळ्यांनी ज्वाला झोडपणारा हा वनरक्षक कौतुकास पात्र आहे. परंतु उपग्रहाच्या नकाशावर माघातील सौम्य जाळणीचा ठिपका आणि वैशाखातील दारुण वणव्याचा ठिपका एकाच रंगाचे असतात, आणि जेथे ठिपक्यांची संख्या हेच यशापयशाचे माप होते, तेथे नियोजित जाळणीची जोखीम कोणता अधिकारी स्वीकारणार?

कर्नाटकातील बिळिगिरीरंगन टेकड्यांवरील सोलिगा लोकांचा अनुभव या संदर्भात मननीय आहे. उन्हाळा कडक होण्यापूर्वी पाचोळ्याला लावावयाच्या हलक्या आगीला ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात. १९७४ साली ते अरण्य अभयारण्य झाले आणि ही जाळणी बंद पडली. सोलिगा वृद्धांचे म्हणणे असे, की त्यानंतर आवळ्याच्या झाडांवर बांडगुळे वाढली आणि घाणेरीने सबंध रान व्यापले. पूर्वी तिची रोपे दरवर्षीच्या हलक्या आगीत मरत. शास्त्रज्ञांत याविषयी मतभेद आहेत. आगीने झाडोरा विरळ होतो, तेथे घाणेरीला ऊन मिळते, घाणेरीच्या जाळ्या पुढच्या आगीला जळण पुरवतात आणि असे ते चक्र चालू राहते, अशीही एक उपपत्ती मांडली गेली आहे. मला वाटते, दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी असू शकतात: विरळ घाणेरीच्या कोवळ्या रोपांना माघातली आग मारीत असेल आणि एकदा दाट जाळी झाल्यावर वैशाखातली आग तिला पोसत असेल.

आज त्या टेकड्यांवर पुरुषभर उंचीची घाणेरी झाडांच्या फांद्यांना भिडली आहे. अशा रानात जुनी पाचोळ्याची आग लावली, तर ती घाणेरीवरून चढून थेट शेंड्यांना लागेल. म्हणून क्रम उलट करावा लागतो. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या पद्धतीने प्रथम झुडूप मुळाच्या मानेखाली तोडून उलटे करून ठेवावयाचे, पक्ष्यांच्या विष्ठेतून पडणाऱ्या बियांची रोपे पुढील काही पावसाळे वेचून काढावयाची, स्थानिक गवत पुन्हा धरू द्यावयाचे, आणि गवताचा अखंड थर तयार झाल्यावर मगच, जाळरेषा आखून, दव पडत असतानाच्या दिवसांत पहिली जाळणी करावयाची. २०११ साली सोलिगांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले आहेत. त्या पहिल्या जाळणीचा दिवस आणि वारा ठरवण्याचे काम त्यांच्यातील जाणत्यांकडे सोपवले, तर ते शिकण्यासाठी खात्याला दुसरीकडे जावे लागणार नाही.